ग्रॅमला मासा कां म्हटलें नाहीं?

गिरगांवांतील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत गेल्या महिन्यांत सामाईक पेटी उघडून वांटण्या झाल्या. आजींनीं १९४४ सालीं स्वहस्तें लिहून ठेविलेल्या यादींत एक ओळ होती: लगडींतून पांच तोळे सोनें मुलीस द्यावें. ती मुलगी म्हणजे आजच्या दादरच्या आत्याबाई. सराफाकडून पन्नास ग्रॅमचा तुकडा काढवून भाच्यांनीं तो त्यांच्या हातीं ठेविला. आत्याबाई म्हणाल्या, "हे पांच तोळे नव्हेत. पांच तोळ्यांचे साठ मासे होतात." मंडळींनीं तें वयाचें बोलणें मानिलें. वास्तविक त्या घरांत खरा हिशेब त्यांनाच येत होता.

मुंबईंत हल्लीं तोळा म्हणजे दहा ग्रॅम असा संकेत रूढ झाला आहे. आजींच्या काळचा तोळा १८० ग्रेनांचा. कंपनी सरकारनें १८३३ सालीं तो तसा ठरविला, आणि पुढें चांदीचा रुपयाही त्याच वजनाचा पाडीत. त्याचे ग्रॅम होतात ११·६६४. पांच तोळ्यांस फरक पडतो सव्वाआठ ग्रॅमांहून अधिक. (मंडईंत मात्र गिऱ्हाइकाचा फायदा! ८० तोळ्यांच्या शेराचा पाव २३३ ग्रॅमांचा. आज पावशेर मिरच्या मागितल्या तर २५० ग्रॅम पडतात.)

आतां ग्रॅम या नांवाकडे पाहूं. वितळत्या बर्फाइतक्या थंड अशा एक घन सेंटिमीटर शुद्ध पाण्याचें वजन, त्यास फ्रेंचांनीं ७ एप्रिल १७९५ रोजीं कायद्यानें हें नांव दिलें. मूळ ग्रीक 'ग्राम्मा'. अर्थ अक्षर, आणि औंसाच्या चोविसाव्या हिश्शाचें एक लहान वजनही. म्हणजे नव्या मापास त्यांनीं जुन्या मापाचें नांव चढविलें. आपल्याकडे १९५६ चा कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजनें टप्प्याटप्प्यानें आलीं, आणि नांव परकेंच राहिलें. हिंदींत तर तें 'ग्राम' असें लिहितात. संस्कृत जाणणारा त्यास गांव समजेल.

वाचकांनीं जरा आंकडेमोड करून पाहावी. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. त्या हिशेबानें मासा ९७२ मिलिग्रॅमांचा, म्हणजे ग्रॅमहून अवघा २८ मिलिग्रॅम हलका. पाव गुंजेचाही फरक नाहीं! ग्रॅमला 'नवा मासा' म्हटलें असतें, तर दहा माशांचा तोळा कोणत्या सुनेनें निमूट घेतला असता? नांव अनोळखी, म्हणूनच दहाचा तोळा खपून गेला, असें आमचें मत आहे.

आम्ही हा हिशेब कागदावर मांडून दिल्यावर थोरल्या भाच्यानें उरलेलें सोनें दुसऱ्याच दिवशीं दादरला पोंचविलें. आत्याबाईंनीं विचारलें, "हे मासे किती?" साडेआठांहून किंचित् अधिक, असें आम्हीं सांगितलें, तेव्हां कोठें त्यांनीं डबी मिटली.