इमारतीचे काम बदलते तेव्हा

मलकापूरकडील शाळांची सहल कोल्हापूरला गेली की अंबाबाईच्या देवळाबरोबर टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयही पाहून होते. ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडन या ग्रीक सागरदेवाची छोटी कांस्यमूर्ती मुलांच्या लक्षात राहते; इमारतीकडे मात्र कोणी बघत नाही. चार्ल्स मँट यांच्या आराखड्याप्रमाणे १८७२ ते १८७६ या काळात ती बांधली गेली, ती सभासमारंभांसाठी. संग्रहालय तेथे आले १९४९ साली.

जुनी इमारत पाडण्यापेक्षा तिला नवे काम द्यावे, या मताचा मी आहे. पण काम बदलले म्हणून इमारतीचे भौतिकशास्त्र बदलत नाही, आणि याचा विचार करण्याआधीच आपल्याकडे खोटे छत ठोकण्याची घाई होते. खिडक्या बुजवून वातानुकूलन यंत्र बसवले की नूतनीकरण झाले! साठ सेंटिमीटर जाडीच्या दगडी भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचायला सुमारे अर्धा दिवस लागतो, तीही अगदी थोडी पोचते. ही फुकटची सोय आधी वापरावी की नाही?

आवाजाचे पाहा. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातील बैठकीच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या मांडून मोजमापे घेतली आणि नियम शोधला : दालनाचे घनफळ मोठे, तर घुमणे जास्त, आवाज शोषणारा पृष्ठभाग मोठा, तर घुमणे कमी. २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ९ मीटर उंच असे एक सभागृह कल्पनेने घ्या. त्याचे घनफळ १८०० घनमीटर. भिंती व छत मिळून ६० चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज शोषत असतील, तर निनादकाल ०.१६१ × १८०० ÷ ६०, म्हणजे सुमारे ४.८ सेकंद. आता २०० श्रोते बसवा. प्रत्येकी ०.४५ चौरस मीटर धरले तर शोषण १५० होते आणि निनादकाल १.९ सेकंदांवर येतो. म्हणजे सभागृहाला श्रोत्यांचा हिशेब धरूनच उंची दिलेली असते. श्रोते जाऊन तेथे दगडी शिल्पे आली की माहिती सांगणाऱ्या शिक्षकाचे बोलणे मागच्या रांगेला कळत नाही, आणि दोष मात्र मुलांच्या गडबडीला! अशा ठिकाणी जाड पडदे आणि सतरंज्या पुष्कळ काम करतात. ते काढताही येतात.

ग्रंथालयाची अडचण निराळी, ती प्रकाशाची. ब्रिटिश म्युझियमचे गोल वाचनालय १८५७ साली उघडले. त्याचा घुमट १४० फूट व्यासाचा, वर मोठ्या खिडक्या, कारण वाचकाला उजेड हवा. १९९७ साली ग्रंथालय तेथून हलले. २००७ पासून काही वर्षे तेथे प्रदर्शने भरली. त्यासाठी वाचकांच्या मेजांवर तात्पुरती जमीन उभारली होती. वाचायला ३०० ते ५०० लक्स प्रकाश लागतो. जुने कागद, रंगीत कापड यांना ५० लक्सच्या वर प्रकाश नको, असे संग्रहालयशास्त्र सांगते. ५०० लक्समध्ये एक दिवस ठेवलेले हस्तलिखित ५० लक्समधल्या दहा दिवसांइतके फिके पडते, आणि गेलेला रंग परत येत नाही. दगड आणि काशाला हा धोका नाही. म्हणून जुन्या वाचनालयाच्या खिडक्या विटांनी बुजवण्यापेक्षा उजेडाच्या बाजूला मूर्ती आणि नाणी मांडावीत, पोथ्या आतल्या खोलीत न्याव्यात. विटांपेक्षा खादीचा जाड पडदाही बरा.

तुमच्या गावात एखादी जुनी इमारत नव्या कामाला निघाली असेल, तर ठेकेदार येण्यापूर्वी विज्ञान मंडळाने तेथे एक दिवस घालवावा. सकाळी सहापासून दर दोन तासांनी आतले व बाहेरचे तापमान नोंदवावे. रिकाम्या दालनात फुगा फोडून आवाज विरायला लागणारा वेळ घ्यावा. ऊन कोणत्या भिंतीवर किती वाजता येते, ते खडूने जमिनीवर आखावे. ही वही घेऊन मुख्याध्यापकांसह नगरपंचायतीत जावे.