झोळींतील थंडी खालून येते

हिंवाळी सुटीचे दिवस जवळ आले म्हणजे शाळाशाळांतून शिबिरांचीं पत्रकें निघतात, आणि त्यांबरोबर घरोघर दोन जुने प्रश्न उभे राहतात. पहिला आईचा : "उघड्यावर निजून पोराला थंडी बाधली तर?" दुसरा वडिलांचा : "पत्रकांत लिहिलेली स्लीपिंग बॅग आणावयाची कोठून?" या दोन प्रश्नांपायीं कित्येक हौशी मुलें घरीं राहतात. आईचें भय अगदींच खोटें आहे असें नाहीं, आणि वडिलांची अडचण तर पुष्कळांच्या बाबतींत खरीच असते. तथापि या दोहोंचें उत्तर एकच असून तें बहुतेक घरांत, ट्रंकेंत घडी घालून ठेविलेलें आहे, असें आमचें मत आहे. आणि तें मत पालकांपुढें मांडावें एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बदलापूर सोडलें कीं पुढचें स्टेशन वांगणी. एका अंगास उल्हास नदी, दुसऱ्या अंगास चंदेरीचा सुळका व माथेरानची डोंगररांग, अशा बेचक्यांत हें गांव वसलें आहे. चंदेरीवर जाणारे गिर्यारोहक येथेंच उतरतात. मुंबईचें खगोल मंडळ कित्येक वर्षें येथें रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम करीत आलें आहे. मृग, रोहिणी, व्याध, अगस्त्य हीं नांवें शहरच्या मुलांनीं पुस्तकांत वाचिलेलीं असतात. पण तीं आकाशांत ओळखावयास त्यांना शहराच्या दिव्यांपासून दूरच यावें लागतें. त्यांतून डिसेंबरच्या १३-१४ तारखांची रात्र म्हणजे पर्वणीच. त्या रात्रीं पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांच्या बाजूनें उल्का सुटूं लागतात आणि आकाश खरोखर काळें असेल तर तासाला शंभराच्या घरांतही दिसूं शकतात. १९८३ सालीं सांपडलेल्या फेथॉन नांवाच्या लघुग्रहाचे ते कण होत. हा सोहळा उताणें पडून पाहावयाचा असतो. मान वर करून उभा राहणारा मनुष्य अर्ध्या तासांत मान चोळूं लागतो.

उताणें पडावयाचें तर झोळीसारखें साधन नाहीं. दोन झाडांना दोर बांधून त्यांत टांगलेल्या ज्या कापडी बिछान्यास हल्लीं हॅमक म्हणतात, ती आपल्या तान्ह्या मुलाची झोळीच. फक्त थोरांच्या मापाची. खडे टोंचत नाहींत, मुंग्या अंगावर चढत नाहींत, विंचू व मण्यार यांचें भय पुष्कळ कमी होतें. मण्यार ही जमिनीवर निजलेल्या माणसास रात्रीं डसते हें खेड्यांतल्या पोरालाही ठाऊक असतें. अशा अनेक कारणांनीं झोळीची आवड आपल्याकडील तरुणांत वाढत आहे. पण पहिल्याच रात्रीं दोन वाजतां कुडकुडत उठून जो तो शेकोटीकडे धांवतो, आणि "वांगणीची थंडी फार वाईट" असा निकाल देऊन मोकळा होतो.

वस्तुतः वांगणीची थंडी हिमालयाची नव्हे. मुंबईहून येथला पारा कांहीं अंश खालीं असतो, व डिसेंबर-जानेवारींत एखादी लाट आली कीं पहांटे तो १२-१३ अंशांच्या आसपास येतो. (२२ जानेवारी १९६२ रोजीं खुद्द मुंबईच्या सांताक्रूझ येथें ७.४ अंश नोंदले गेले होते. पण तशी पहांट विरळा.) एवढ्या थंडींत घरीं एका चादरीवर निजणारा मुलगा झोळींत तीन पांघरुणें घेऊनही कां कुडकुडतो? याचें कारण असें कीं, तो तिन्ही पांघरुणें वरून घेतो आणि थंडी मात्र खालून येते.

पांघरूण स्वतः ऊब देत नाहीं. ऊब अंगाची असते. पांघरुणाचें काम तिला बाहेर जाऊं न देणें, आणि तें काम खरें पाहतां लोंकर किंवा कापूस करीत नसून त्यांच्या धाग्यांत अडकून स्थिर झालेली हवा करते. रम्फर्ड नांवाच्या शास्त्रज्ञानें लोंकर, पिसें, कापूस इत्यादि पदार्थांवर प्रयोग करून १७९२ सालीं ही गोष्ट प्रसिद्ध केली. आतां झोळींत निजलेल्या मुलाकडे पाहा. त्यानें स्लीपिंग बॅग घेतली असली तरी पाठीखालचा तिचा भाग त्याच्याच भारानें चेपून पापडासारखा झालेला असतो. त्यांतली हवा निघून जाते आणि हवेबरोबर ऊबही. खाटेवर किंवा जमिनीवर निजलों असतां खालीं गादी तरी असते. झोळीखालीं कांहींच नसतें. तेथून वारा सतत वाहतो आणि पाठीची उष्णता घेऊन जातो. म्हणून वरती चौथें पांघरूण घातल्यानें छाती घामानें भिजते व कंबर गारठलेलीच राहते. बाजारांत महाग पिशवी विकत घेऊनही ज्यांना थंडी वाजली, त्यांची तक्रार बहुधा याच जातीची असते.

यावर उपाय सोपा आहे. एक जाड पांघरूण झोळीच्या आंत न घालतां बाहेरून, खालच्या अंगास टांगावें. त्याच्या दोन्ही आंखूड कडांना नाडी ओंवून ती चुणून घ्यावी आणि दोन्ही टोंकें झोळीच्याच दोरांना बांधावीं. म्हणजे झोळीच्या पोटाखालीं दुसरी झोळी तयार होते. निजणाऱ्याचा भार वरच्या झोळीवर पडतो, खालचें पांघरूण चेपत नाहीं आणि त्यांतली हवा जागच्या जागीं राहते. येथें एक गोष्ट मात्र नीट जुळवावी लागते. पांघरूण फार ताणून बांधलें तर तें पुन्हां चेपलें. फार सैल सोडलें तर मधल्या फटींतून वारा शिरला. एकानें झोळींत निजावें, दुसऱ्यानें खालून हात फिरवून पाहावें : पांघरूण झोळीला सर्वत्र टेंकलेलें असावें, पण कोठेंही तटतटलेलें नसावें. खांद्यांपाशीं व पायांपाशीं फट राहते, ती आधीं पाहावी. हें जुळवावयास दहा मिनिटें लागतात आणि तीं उजेड असतांनाच खर्चावीं.

पांघरूण कोणतें? आजीच्या हातची गोधडी चालते, मात्र ती जुन्या लुगड्यांच्या पांचसात पदरांची व बऱ्यापैकीं फुगीर हवी. धनगरी घोंगडी त्याहून सरस. तिची लोंकर ओलसर झाली तरी कापसाप्रमाणें एकदम निकामी होत नाहीं. दोन्ही असतील तर गोधडी झोळीला लागून व घोंगडी तिच्या बाहेर. आणि कांहींच नसेल तर आपल्या ठाणें जिल्ह्यांत भाताच्या कापणीनंतर पेंढ्याला काय तोटा? खालीं एक साधी चादर टांगून तिच्यांत कोरडा पेंढा भुसभुशीत भरला कीं चांगलें काम भागतें. पेंढा आधीं झटकून घ्यावा, विंचू-किड्यांकरितां. आणि शेकोटीपासून दूर राहावें हें सांगणें नकोच.

ज्याला केवळ उबेचीच गरज आहे त्यानें झोळीच्या नादीं न लागतां जाड पेंढ्यावर जमिनीवर निजावें, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. कोंकणची जमीन दिवसाचें ऊन पोटांत धरून ठेविते. मध्यरात्रीच्या हवेपेक्षां ती पुष्कळदां उबदारच असते. झोळीची मौज निराळी आहे आणि तिची किंमत खालच्या पांघरुणानें द्यावी लागते, इतकेंच.

जागा निवडण्यांत मात्र पुष्कळजण फसतात. नदीकांठ रमणीय दिसतो म्हणून झोळ्या उल्हासच्या कांठीं बांधल्या जातात. थंड हवा जड असते. वारा पडलेल्या रात्रीं ती चंदेरी-माथेरानच्या उतारांवरून पाण्यासारखी ओघळत येऊन सखल भागांत सांठते. पहांटे धुकें कोठें धरलेलें असतें तें पाहा, म्हणजे थंड हवेचें तळें कोठें झालें तें कळेल. उतारावर थोडें वर चढून गेलें तरी हवा सुसह्य लागते. दुसरी गोष्ट आकाशाची. निरभ्र रात्रीं उघड्यावरची प्रत्येक वस्तु आपली उष्णता आकाशाकडे फेंकून गार होत असते आणि म्हणूनच दंव पडतें, हें वेल्स यानें १८१४ सालीं आपल्या ग्रंथांत सिद्ध करून दाखविलें. जें आकाश पाहावयास आपण जातों तेंच आपली ऊब नेतें! तेव्हां उल्का पाहतांना झोळी मोकळ्या आकाशाखालीं असूं द्यावी. परंतु झोंप येऊं लागली कीं वर एक चादर अथवा ताडपत्री ताणावी, किंवा दाट आंब्याखालीं जावें. दंव वरून, आकाशाकडे असलेल्या बाजूवर जमतें. खालीं टांगलेली गोधडी त्यामानानें कोरडी राहते, हा या युक्तीचा आणखी एक लाभ.

बाकीच्या गोष्टी सर्वांना ठाऊक असूनही पाळल्या जात नाहींत. निजण्यापूर्वीं घामेजलेले कपडे व मोजे बदलावे. डोकें व कान झांकावे, पण तोंड पांघरुणांत खुपसूं नये. श्वासाच्या वाफेनें पांघरूण ओलें होतें. गूळ-शेंगदाणे किंवा भाकरी खाऊन निजणारा उपाशी निजणाऱ्यापेक्षां उबदार राहतो. आणि तंबूंत किंवा बंद खोलींत पेटती शेगडी घेऊन निजणें म्हणजे मृत्यूला बोलावणें होय. तिच्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो व निजलेल्यास जाग येत नाहीं. शिबिरांतील शिक्षकांनीं या एका बाबतींत कोणाचेंही ऐकूं नये.

येथवर सांगितलें तें हौसेच्या थंडीविषयीं. पण वांगणी, बदलापूर, कर्जत या पट्ट्यांत पावसाळा संपला कीं वीटभट्ट्या लागतात, आणि त्यांवर राबणारीं कातकरी व इतर कुटुंबें पुढचा पावसाळा येईपर्यंत तेथेंच खोपट बांधून राहतात. भट्टीला माती व पाणी लागतें, म्हणून ती बहुधा सखल जागीं, पाण्याच्या आश्रयानें असते. म्हणजे वर सांगितलेलें थंड हवेचें तळें जेथें सांठतें नेमकें तेथें. त्या खोपटांत दोन बांबूंना लुगडें बांधून केलेली तान्ह्याची झोळी लोंबत असते. लहानग्याचें अंग वजनाच्या मानानें मोठें पडत असल्यामुळें तें आपल्यापेक्षां फार लवकर गार होतें, आणि झोळीच्या खालून त्यालाही तोच वारा लागतो. अशा पोराच्या अंगावर पांघरुणांचा ढीग घालणें तोंडावर येऊन घातकच ठरावयाचें. रात्रीं त्याला आईच्या कुशींत घेणें हें सर्वांत उत्तम. दिवसां ती चिखल मळावयास गेली असतां झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगास एक गोधडी घट्ट गांठींनीं बांधणें हें त्याच्या तोंडापासून दूर राहणारें संरक्षण आहे. शिबिराला जाणाऱ्या मुलांनीं ही युक्ति स्वतः करून पाहिली असेल तर वाटेवरच्या भट्टीवर ती दोन मिनिटांत दाखवितां येईल. शिबिराच्या पत्रकांत समाजसेवेचा म्हणून एक तास असतोच. तो भाषणांत घालविण्यापेक्षां असा घालविलेला बरा.

आतां त्या पत्रकांविषयींच एक विनंती. "प्रत्येकानें स्लीपिंग बॅग आणावी" असें छापणाऱ्या चालकांनीं त्या एका ओळीनें किती मुलांना दारांतूनच परत पाठविलें याचा हिशेब कधीं केला आहे काय? ज्याच्या घरीं ती नसते तो मुलगा सहसा तसें बोलून दाखवीत नाहीं. "मला यावयाचें नाहीं" एवढेंच सांगतो, आणि आपण त्याला निरुत्साही म्हणून मोकळे होतों. तेथें "एक गोधडी अथवा घोंगडी व दोन वाव नाडी" असें छापावें. ज्यांच्यापाशीं महाग साधनें असतील त्यांनीं तीं खुशाल आणावीं. पण झोळी खालून बांधावयास त्यांनाही शिकावें लागेल, आणि गोधडीवाला त्यांच्याहून अधिक उबेंत निजला तर त्यांनीं आश्चर्य मानूं नये. पालकांनीं मुलाला अडविण्याऐवजीं सुटीपूर्वीं एका रात्रीं अंगणांत, गच्चीवर किंवा गॅलरींत झोळी टांगून निजवून पाहावें. कोणती गांठ सुटते, पाठ कोठें गार पडते, हें घराजवळच कळलेलें बरें.

परत निघण्यापूर्वीं गोधडी ऊन पडेपर्यंत दोरीवर वाळत घालावी. वांगणीहून परतीची गाडी धरण्याच्या घाईंत ती दंवासकट गुंडाळून आणली तर दुसऱ्या दिवशीं तिला कुबट वास येतो, आणि मग आईचा पहिला प्रश्न पुन्हां नव्यानें सुरू होतो.