‘तसली’ कॉमिक्स

एम-थ्रीच्या पेपरची आदली रात्र. रूममेटने माझ्या हातातला मोबाइल खेचला आणि म्हणाली, “बघू तरी, लाप्लास वाचतेयस का नुसती टाइमपास करतेयस!” स्क्रीनवर लाप्लास नव्हता. दोन मुलं होती, पावसात, एकाच छत्रीखाली, आणि… जाऊ दे, हा अंक प्राचार्य सरांच्या टेबलावरही जातो. “ईऽऽ! तू असलं वाचतेस?” मी म्हटलं, पेपर झाला की सांगते. पेपर झाला, सबमिशन्स झाली, सांगायचं राहूनच गेलं. म्हणून हा लेख. (मी कॉन्व्हेंटची, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळलंय. मतं मात्र माझीच आहेत, शिव्या मलाच द्या!)

तर मंडळी, ‘बॉइज लव्ह’ म्हणजे दोन मुलांच्या प्रेमाची जपानी कॉमिक्स. उजवीकडून डावीकडे वाचायची. आणि खरी गंमत पुढेच आहे. ती लिहितात बहुतेक बायका आणि वाचतातही बहुतेक बायकाच. १९७४ साली मोतो हागिओ नावाच्या पंचविशीतल्या मुलीने मुलींच्याच साप्ताहिकात ‘थॉमसचं हृदय’ नावाची मालिका काढली. जागा कोणती, तर जर्मनीतलं मुलांचं बोर्डिंग स्कूल. सुरुवातीलाच एका मुलाचा मृत्यू आणि मागे राहिलेलं त्याचं पत्र. मी ते आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवर वाचलं आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला डोळे सुजवून गेले. या बायकांना स्वतःची चेष्टाही छान करता येते. अशा कॉमिक्सना त्यांनीच ‘याओइ’ हे नाव पाडलं. ना चढ, ना शेवट, ना अर्थ, या अर्थाच्या तीन जपानी शब्दांची ती पहिली अक्षरं. आणि वाचणाऱ्या मुलींनी स्वतःला ‘फुजोशी’ म्हणून घेतलं. मूळ शब्द सभ्य, बाईमाणसासाठीचा, पण एक अक्षर बदलून त्याचा अर्थ केला ‘नासकी मुलगी’. मला हा शब्द फार आवडतो. आपल्याला कोणी नासकी म्हणायच्या आत आपणच म्हणून मोकळं व्हायचं!

पण मुलींना यात काय मिळतं? दुसऱ्यांचं माहीत नाही, माझं सांगते. आमच्या शाळेत सिस्टर स्कर्टची लांबी गुडघ्यापासून बोटांनी मोजायच्या. घरी पाय जुळवून बस, हळू हस. सिनेमा लावावा तर कॅमेरा हिरॉइनच्या कमरेवर. सगळीकडे मुलगी म्हणजे बघायची वस्तू, आणि ती मुलगी मी. या कॉमिक्समध्ये मुलगीच नसते, त्यामुळे स्वतःशी तुलना करायला कोणी नसतं. तिथे मी फक्त बघणारी. दोन माणसं एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि त्यातल्या कोणालाही ‘उद्या सासरी जाऊन कसं होणार तुझं’ असं कोणी विचारत नाही. पंधराव्या वर्षी मला ही केवढी मोठी सुट्टी वाटली होती म्हणून सांगू!

हो, पंधराव्या वर्षी. वर ‘फक्त प्रौढांसाठी’ लिहिलेलं होतं आणि मी ‘होय, माझं वय अठरा आहे’वर बोट ठेवलं होतं. याचा मला अभिमान नाही. काही गोष्टी तेव्हा वाचायला नको होत्या असं आज वाटतं. म्हणून रेक्टर मॅडमनी उद्या मोबाइल तपासायला सुरुवात करावी असं मात्र अजिबात म्हणायचं नाहीये. तेव्हा मला अडवणारं कोणी हवं होतं की नाही कोण जाणे, पण विचारायला कोणीतरी नक्की हवं होतं.

कारण या प्रौढ म्हणवणाऱ्या कॉमिक्समध्ये एक मोठी गोची आहे. जोडीत एक ‘सेमे’, म्हणजे पुढाकार घेणारा, आणि दुसरा ‘उके’, म्हणजे स्वीकारणारा. दुसऱ्याने ‘नको’ म्हणायचं, पहिल्याने ऐकायचं नाही, आणि पुढच्या प्रकरणात दोघं प्रेमात! रिहितो ताकाराईंचं ‘टेन काउंट’ घ्या. शिरोतानीला घाणीची इतकी भीती की तो हातमोज्यांशिवाय कशाला हात लावत नाही. कुरोसे हा मानसोपचाराचं काम करणारा. तो त्याला सांगतो, तुला न जमणाऱ्या दहा गोष्टी वहीत लिही, आपण एकेक जिंकू. काय सुंदर कल्पना आहे! चित्रं तर विचारूच नका. पण हळूहळू उपचार बाजूला राहतात आणि मदत करणाराच मर्यादा ओलांडत जातो. समोरचा घाबरलाय हे त्याला दिसत असतं, तरीही. मी ते एका रात्रीत वाचलं आणि मला आवडलं. आवडलं याचाच मला त्रास होतो. आपण हिंदी सिनेमातल्या ‘लडकी की ना में हाँ’वर गॅदरिंगला निबंध वाचणाऱ्या मुली, आणि इथे तेच गोड कसं लागलं? काही जणी म्हणतात, ज्या मुलींना इच्छा असणंच पाप म्हणून शिकवलंय, त्यांना ‘त्याने जबरदस्ती केली’ हे निमित्त सोयीचं पडतं, दोष कोणाकडेच येत नाही. मला हे पटतं. पण कारण कळलं म्हणून ती गोष्ट बरोबर ठरत नाही ना.

आता अवघड भाग.

आमच्याच बॅचमधला एक मित्र आहे. त्याला मुलं आवडतात. गेल्या वर्षी त्याने हे मला सांगितलं तेव्हा मी काय करावं? मी खूश झाले! म्हटलं, “अरे, मी कितीतरी वाचलंय यावर!” आणि वर हसत विचारलं, “मग तू सेमे की उके?”

तो हसला नाही. त्याने माझ्याकडून एक कॉमिक मात्र मागून घेतलं. दोन दिवसांनी परत करताना म्हणाला, “चित्रं मस्त आहेत. पण यात कोणाला घरी कळेल अशी भीतीच नाही. हे पण हॉस्टेलमध्येच राहतात ना? यांना मेसमध्ये कोणी चिडवत नाही?” मग थोडं थांबून, “आम्ही सुंदर दिसलो की तुमचं काम झालं.”

मला राग आला, खोटं कशाला बोलू. पुढे कळलं की हे भांडण आमच्या दोघांच्या जन्माआधीचं आहे. १९९२ मध्ये जपानमध्ये मासाकी सातो या समलिंगी कार्यकर्त्याने स्त्रीवादी बायकांच्याच एका छोट्या पत्रिकेत जवळपास हीच तक्रार केली होती, मित्रापेक्षा बऱ्याच तिखट शब्दांत. त्यावर काही वर्षं वाद चालला. काही जणींना ते लागलं, काही जणी म्हणाल्या, ही आमची कल्पना आहे, तुमच्याबद्दल नाहीच. मी यात नेमकी मधे उभी आहे. बायकांच्या कल्पनेने प्रत्येक वेळी कुणाची तरी परवानगी का काढावी? कॉमिक म्हणजे काही माहितीपट नव्हे. पण माझा प्रश्न कल्पनेतल्या मुलाला नव्हता. तो समोर बसलेल्या, चहाचे पैसे देणाऱ्या, खऱ्या मुलाला होता. ती चूक कॉमिकची नाही, माझीच. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने त्याचं प्रेम गुन्ह्यातून बाहेर काढलं, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये लग्नाचा हक्क दिला नाही. आणि तो म्हणतो तसं, मेसच्या टेबलावर तो अजून जोकच आहे.

बदल्यात त्याने मला सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ दिली. २००६ ची मराठी कादंबरी, लहानशीच. मला अकरा दिवस लागले (पुन्हा कॉन्व्हेंट!). घरी राहायला आलेल्या पेइंग गेस्टच्या प्रेमात भाऊही पडतो आणि बहीणही. त्यात घर आहे, नातेवाईक आहेत, मराठी माणसाचं न बोलणं आहे. माझ्या कॉमिक्समधून नेमकं हेच गायब असायचं.

सगळ्याच नाही म्हणा. फुमी योशिनागा मूळची बॉइज लव्हवालीच, पण २००७ पासून पुरुषांच्या एका साप्ताहिकात ‘काल काय खाल्लंस?’ लिहितेय. शिरो वकील, केन्जी केशकर्तनकार, दोघं चाळिशीचे, तोक्योत एकत्र राहतात. शिरो ऑफिसमध्ये कोणाला सांगत नाही, केन्जी सलूनमध्ये लपवत नाही, त्यावरून कुरबुरी. शिरो महिन्याचं खाणं पंचवीस हजार येनमध्ये बसवायची धडपड करतो. कलिंगड एकट्याला महाग पडतं म्हणून दुकानात भेटलेल्या अनोळखी गृहिणीबरोबर अर्धं वाटून घेतो! आईवडिलांना माहीत आहे, ते समजून घ्यायचा प्रयत्न करतात आणि दर वेळी काहीतरी भलतंच बोलतात. कपडे उतरवले की प्रौढ, असा या धंद्यातला हिशोब आहे. मला विचाराल तर प्रौढ कॉमिक हे. याचं इंग्रजी भाषांतर मिळतं. आपल्या लायब्ररीत टेक्निकल सोडून जे एकुलतं एक कपाट आहे, त्यात दोन-तीन भाग ठेवायला काय हरकत आहे? आपण सगळे फुकटच्या स्कॅनवर पोसलेले, निदान एकदा तरी त्या बाईला पैसे मिळतील.

रूममेटचा तिसरा भाग चालू आहे. रेसिपी वाचते आणि मेसच्या आमटीकडे बघून सुस्कारे सोडते. हा लेख आधी मित्राला वाचायला दिला होता. त्याने दोन वाक्यं खोडली. ती इथे नाहीत.