छोट्या खरेद्या, मोठी पकड

ऑस्ट्रेलियातील हार्डवेअर व्यवसायात अग्रेसर असलेल्या 'बनिंग्ज'ने 2020 मध्ये 'अ‍ॅडलेड टूल्स' ही दक्षिण ऑस्ट्रेलियातील अवजारांची कौटुंबिक पेढी विकत घेतली. तेथील स्पर्धा आयोगाने हरकत घेतली नाही. मूठभर दुकानांच्या खरेदीने बाजार काबीज होत नाही, हा युक्तिवाद त्या एका व्यवहारापुरता पटण्यासारखाही आहे.

मात्र, त्याच वर्षी 'मायटर टेन' दुकानांना माल पुरविणाऱ्या 'मेटकॅश'ने 'टोटल टूल्स' या साखळीचा 70 टक्के हिस्सा घेतला आणि पुढे तो वाढवत नेला. 'अ‍ॅडलेड टूल्स'ची पाटी उतरून 'टूल किट डेपो'ची लागली. सुतार वा प्लंबर एका दुकानातील भाव दुसऱ्या दुकानात सांगून घासाघीस करतो. कोणत्या कामाला कोणते पाते, हा सल्ला आणि बिघडलेल्या यंत्राची दुरुस्ती यांसाठीही तो खास दुकानाची पायरी चढतो. पाट्या अनेक राहिल्या, तरी मालक मोजकेच उरले, तर ही घासाघीस करायची कोणाशी?

ऑस्ट्रेलियात विलीनीकरणाची पूर्वसूचना देणे 2025 अखेरपर्यंत चक्क ऐच्छिक होते. 1 जानेवारी 2026 पासून ठरावीक मर्यादेवरील व्यवहारांना ते सक्तीचे झाले असून, मर्यादा ठरविताना मागील 3 वर्षांतील तत्सम खरेद्यांची उलाढालही एकत्र धरली जाते. 2020 मधील व्यवहार अर्थातच या हिशेबाबाहेर आहेत.