डोकं अर्धं, कारणं अनेक

डोक्याची एकच बाजू दुखू लागली की आपल्याकडे घरातल्या घरात निदान होऊन जातं – अर्धशिशी! मग सुंठीचा लेप, नाकात साजूक तुपाचे दोन थेंब, नाहीतर सूर्योदयापूर्वी दूध-जिलबी. आयुर्वेदातही 'अर्धावभेदक' हे नाव आहे, म्हणजे दुखणं जुनंच. पण मला वाटतं, नाव सापडलं की आपण कारण शोधणं सोडून देतो.

शाळेत सारखी गैरहजर राहणारी मुलं असायची. हजेरीपटावर खूण एकच, पण एकाच्या घरी आजारपण, दुसऱ्याला शेतावर जावं लागायचं. डोकेदुखीचंही तसंच आहे.

खऱ्या अर्धशिशीत बहुधा ठणका असतो, मळमळतं, उजेड-आवाज नकोसे होतात. औषध न घेतल्यास ४ ते ७२ तास त्रास टिकतो. 'क्लस्टर' प्रकारात एका डोळ्याभोवती असह्य कळ येते, तोच डोळा वाहतो, नाक चोंदतं, आणि १५ मिनिटं ते ३ तासांत कळ थांबते. कधी मूळ मानेच्या मणक्यांत असतं. डोळ्यातला दाब अचानक वाढला तर डोळा लाल होतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. आणि साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त घेतली, तर त्या गोळीनेच डोकं दुखत राहू शकतं!

आता माझ्या वयाच्या मंडळींसाठी. पन्नाशीनंतर असं दुखणं प्रथमच सुरू झालं, तर ते अंगावर काढू नका. कानशिलाची रक्तवाहिनी सुजण्याचा एक आजार आहे. केस विंचरताना डोकं हुळहुळतं, घास चावताना जबडा दुखून येतो. स्टेरॉइड वेळेवर मिळालं नाही तर दृष्टी कायमची जाऊ शकते. पडून डोक्याला मार लागला असेल, तर मेंदूभोवती हळूहळू रक्त साठून काही आठवड्यांनीही डोकं दुखू लागतं. अचानक भयंकर कळ, बोलणं अडखळणं, हातपाय लुळे पडणं, अंधुक दिसणं यांपैकी काही झालं तर तडक रुग्णालय.

"मुलांना कशाला त्रास?" म्हणून आपली पिढी गप्प बसते. मला तो सोशिकपणा पटत नाही. उद्या दृष्टी गेली तर त्रास कुणाला होणार?

एक वही करा. कधी दुखलं, किती वेळ, कोणती बाजू, काय घेतलं, ते लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि घरच्यांनो, आजीचं डोकं दुखतंय म्हटल्यावर बामची बाटली पुढे करण्याआधी तिला दोन प्रश्न विचारा.