मिठी नदीचा 'नाला' केव्हा झाला?

१/ मुंबईच्या भरावांवरील मागील धाग्याखाली एका वाचकाने विचारले होते : "मिठी ही मुळात नदी होती की नालाच?" नदीच होती. तिच्या ऱ्हासाचा दोष बहुधा कारखाने आणि झोपडपट्ट्या यांच्या माथी मारला जातो. माझे मत थोडे निराळे आहे. या ऱ्हासाचा आरंभ मला एका अत्यंत स्तुत्य लोककार्यात दिसतो.

२/ १८५० च्या दशकातील मुंबई तहानलेली होती. लोकसंख्या झपाट्याने वाढत होती आणि शहराची सारी भिस्त विहिरी व तळ्यांवर होती. त्यांतले पुष्कळसे पाणी दूषित. पटकीच्या साथी नित्याच्याच. अशा वेळी हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याच्या योजनेतून साष्टीच्या टेकड्यांत धरण उभे राहिले आणि १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळावाटे शहरात आले. हे उपकार लहान नव्हेत.

३/ परंतु विहार हा मिठीचा माथा आहे. पुढे १८९० च्या सुमारास पवईचा तलाव झाला, तोही याच नदीच्या एका प्रवाहावर. (पवईचे पाणी पिण्यास अयोग्य ठरले, हा दैवदुर्विलासच.) आज मिठीची ओळख 'विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याच्या पाण्यापासून निघणारी नदी' अशी करून दिली जाते. या वाक्याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तलाव ओसंडून वाहतील तेव्हाच माथ्याकडून पाणी येणार, म्हणजे पावसाळ्यात. उरलेल्या महिन्यांत नदीच्या पात्रात नदीचे असे पाणी जवळजवळ नाहीच.

४/ हा मुद्दा महत्त्वाचा अशासाठी की नदी स्वतःला स्वच्छ करते ती प्रवाहाच्या बळावर. वाहत्या पाण्यात हवेतील प्राणवायू मिसळत राहतो, सूक्ष्मजीव तो वापरून मैल्याचे विघटन करतात, आणि जे उरते ते विरळ होत जाते. प्रवाहच काढून घेतला तर थोडाही मैला प्राणवायू संपवून टाकतो. मग पाणी काळे पडते, कुजते, मासे मरतात. धारावीचे कोळी ज्या खाडीत मासेमारी करत, ती याच नदीच्या मुखाशी आहे.

५/ 'तेव्हा पाण्याच्या शुद्धतेची जाण नव्हती' हा बचाव मात्र टिकत नाही. विहारचे पाणलोट क्षेत्र राखले गेले; आज तो प्रदेश संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतो आणि तेथील रान अजून उभे आहे. म्हणजे जाण होती, पण ती धरणाच्या भिंतीपाशी थांबली. भिंतीच्या वरचे ते 'पेयजल', खालचे ते सांडपाण्याची वाट.

६/ आणि वाट म्हटल्यावर सगळेच तिकडे वळले. शहराला नकोसे झालेले कातडी कमावण्याचे धंदे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धारावीत जमले, कुर्ल्यात गिरण्या आल्या. विसाव्या शतकात विमानतळाची धावपट्टी थेट नदीवरून गेली आणि मुखाजवळच्या खारफुटीच्या जागी भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. नाल्याला कोण विचारतो?

७/ कॉनीबेअरला मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाही. समोर माणसे मरत असताना नदीच्या प्रवाहाचा हिशेब त्याने मांडायला हवा होता, असे आज म्हणणे म्हणजे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला लाज वाटावी असा कालविपर्यास होईल. माझी तक्रार नंतरच्यांविषयी आहे, कारण त्यांच्या हाती कायदा होता.

८/ महाराष्ट्राने जलप्रदूषण रोखण्याचा स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला, केंद्रीय कायद्याच्या पाच वर्षे आधी. १९७४ च्या केंद्रीय कायद्यातील 'प्रवाह' या संज्ञेची व्याख्या मुद्दाम वाचावी अशी आहे. तीत नदी येते, भरतीओहोटीचे पाणी येते, आणि 'वाहता असो वा तूर्त कोरडा असो' असा कोणताही जलमार्ग येतो. कायद्याच्या लेखी मिठी बाराही महिने संरक्षणास पात्र आहे. व्यवहारात तिला ते संरक्षण लाभले नाही.

९/ २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईला आपल्याला एक नदी असल्याचे आठवले. त्याच वर्षी मिठीसाठी प्राधिकरण स्थापन झाले. मात्र चर्चा रुंदीकरण, गाळ आणि संरक्षक भिंती यांच्याभोवतीच अधिक फिरली. पुराचे पाणी लवकर वाहून जावे, ही नाल्याकडून ठेवायची अपेक्षा आहे. मला विचाराल तर गाळाच्या जोडीने पहिला प्रश्न असा हवा : मैला पात्रात शिरण्यापूर्वी पूर्णपणे अडवून, त्यावर प्रक्रिया करून, ते शुद्ध केलेले पाणी उन्हाळ्यात नदीला परत का देऊ नये? १८६० पासूनचे ते देणे आहे.

१०/ कुर्ला, माहीम, धारावी कोळीवाडा या भागांत ज्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांनी आजी-आजोबांना एवढेच विचारावे : या पाण्यात कोणते मासे मिळत, आणि ते मिळेनासे कधी झाले? उत्तरे खाली लिहा. पुढील धागा त्यांवरच लिहीन.