तापीचा काठ किती सरकला? मोबाईलवर मोजायला गेलो आणि…

माझ्या मामांचं केळीचं शेत यावल तालुक्यात, अगदी तापीच्या काठावर आहे. शेताच्या टोकाला एक कडुनिंब, त्यापुढे थोडी मोकळी जागा आणि मग खाली थेट नदी. मामा सांगतात, "पूर्वी निंबाच्या पुढे तीन खाटा टाकून झोपायचो. आता एक टाकायची म्हटली तरी भीती वाटते."

म्हणजे किती जमीन गेली? किती वर्षांत? हे मामांनाही सांगता येत नाही आणि सातबारा तर जुनंच क्षेत्र दाखवतोय. २०२४ च्या दिवाळीत गेलो तेव्हा म्हटलं, मोबाईल हातात आहेच, मोजूनच बघू.

जमीन मोजायचं एक अ‍ॅप उघडलं आणि काठापासून जरा आत राहून, बैलगाडीच्या चाकोरीने चालत गेलो. संध्याकाळी त्याच चाकोरीने पुन्हा चाललो. दोन्ही रेषा एकमेकींवर बसेनात. एका जागी तर चार मीटरचा फरक! चाकोरी काही दिवसभरात सरकली नव्हती. अ‍ॅपचाही दोष नव्हता. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनचं जीपीएस साधारण पाच मीटर इकडेतिकडे होतंच. काठ जर वर्षाला मीटरभर ढासळत असेल, तर तो या चुकीतच बुडून जातो.

काठ ढासळतो कसा?

तापीच्या दोन्ही बाजूंना गाळाच्या मातीचे उंच कडे आहेत. त्यांना फोडत नदीकडे उतरणाऱ्या घळ्याही तुम्ही पाहिल्या असतील. भूगोलाच्या पुस्तकात यालाच उत्खातभूमी म्हणतात. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्येही तापीच्या या उंच काठांचा उल्लेख सापडतो, म्हणजे प्रकार आजचा नाही.

समुद्रकाठच्या कड्याचं आणि याचं गणित बरंचसं एकच. तिथे लाटा पायथा पोखरतात, इथे पुराचं पाणी. पायथा गेला की वरचा भाग अधांतरी राहतो आणि एक दिवस धप्पकन खाली येतो. नदीत आणखी एक भानगड असते. पूर असताना काठाची माती पाणी पिऊन जड होते, पण समोरच्या पाण्याचा तिला टेकाही असतो. पाणी झपाट्याने उतरलं की टेका जातो आणि माती ओली, जडच राहते. म्हणून पुष्कळदा काठ भर पुरात पडत नाही, पूर ओसरल्यावर पडतो. वर हतनूर धरणाचे ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले-मिटले की खाली पाणी चढतं-उतरतं. त्यामुळे "पूर गेला, आता चला बघायला" हीच वेळ सगळ्यात धोक्याची.

मग सॅटेलाइट?

फुकटात मिळणारा चांगला पर्याय म्हणजे युरोपचा सेंटिनेल-२. दर पाच दिवसांनी नवा फोटो, पण एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर. मीटरभराची ढासळ त्यात दिसणार नाही, दहा-पंधरा वर्षांची कदाचित दिसेल. गुगल अर्थमधले जुने फोटो जास्त बारीक असतात. पण तिथेही एक गोम आहे. दोन वर्षांचे फोटो एकमेकांवर नेमके बसतीलच असं नाही. आधी जवळच्या विहिरीचा काठ किंवा मंदिर बघा. विहीरच तीन मीटर "सरकलेली" दिसली, तर नदीकाठाच्या सरकण्यावर काय विश्वास ठेवायचा? आयफोन प्रोमधला लायडार पाच मीटरपर्यंतच बघतो, उंच कड्यापुढे तो खेळणंच.

मला सगळ्यात पटलेली पद्धत जुनी आहे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर होल्डरनेस नावाचा भाग आहे. तिथले कडेही खडकाचे नाहीत, मातीचेच, आणि वर्षाला सरासरी दीड-दोन मीटर मागे हटतात. तिथल्या स्थानिक प्रशासनाने १९५१ मध्ये कड्यापासून आत, दर ५०० मीटरवर खांब रोवले आणि खांबापासून कडेपर्यंतचं अंतर मोजत राहिले. पुढे जीपीएस आलं, विमानातून लायडार आलं. पण १९५१ पासूनची नोंद हातात आहे ती त्या खांबांमुळे.

आपल्याकडे हे का हवं, तर पैशामुळे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अतिवृष्टीनंतर राज्य सरकारने खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंत मदत जाहीर केली. यात नुकसान ठरतं पंचनाम्याने, आणि पंचनामा होतो मोठ्या आपत्तीनंतर. दरवर्षी हातभर जाणारी जमीन कोणत्या पुराच्या नावावर लिहायची? २०० मीटर लांबीचा काठ वर्षाला एक मीटर मागे आला, तर वीस वर्षांत जवळपास एक एकर जातो, तोही एकाही बातमीशिवाय. शिरपूर, शिंदखेड्याकडच्या तापीकाठच्या शेतकऱ्यांनाही हाच हिशोब लागू आहे.

आम्ही त्याच दिवाळीत तीन लोखंडी गज रोवले, कडेपासून चांगले आत. टेपचं टोक लांब काठीला बांधून पुढे सरकवायचं, कडेवर उभं राहायचं नाही, कारण वरून शाबूत दिसणारी जागा खालून पोकळ असू शकते. फोनचं खरं काम इथे सुरू होतं. प्रत्येक गजाजवळून, त्याच उंचीवरून, त्याच दिशेने फोटो. फ्रेममध्ये टेपचा आकडा आणि निंबाचं खोड दोन्ही हवेत. फोटो मूळ फाइलमध्येच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर तारीख-ठिकाणाची माहिती निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

२०२५ च्या दिवाळीत परत मोजलं. पहिल्या दोन गजांपाशी फरक जवळजवळ नाही. तिसऱ्यापाशी, जिथे घळ शेतात शिरायला लागलीय, ७० सेंटिमीटर कमी. एका पावसाळ्यावरून वेग काढता येत नाही, हे मामांना सांगितलं. ते म्हणाले, "वेग राहू दे, तिसऱ्या गजाजवळच्या दोन ओळी यंदा लावत नाही."